चालू करून काय करणार?

भंगारवाला आला तेव्हा त्याने आमच्या बंद पडलेल्या जुन्या डोझरच्या इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो थेट चेनीपाशी गेला, उकिडवा बसला, लिंकवर वाळलेली लाल माती अंगठ्याने खरवडली आणि खिशातल्या पान्याने दोन-तीन ठिकाणी ठोकून आवाज ऐकला. मग उठून ब्लेडच्या वरच्या कडेवर वीत ठेवली. पाच मिनिटांत त्याने वजनाचा अंदाज सांगितला आणि तो बरोबर होता. या मापाचा नुसता ट्रॅक्टरच अकरा टनांच्या वर भरतो, ब्लेड आणि विंच वेगळे. भाव किलोवर. आम्हाला विकायचा नाही म्हटल्यावर त्याने घासाघीस केली नाही, तोंडही वाकडं केलं नाही. फक्त गाडीत बसता बसता विचारलं, "चालू करून काय करणार, ताई?" त्या प्रश्नात खोच नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी काहीतरी उत्तर दिलं, तो मान हलवून गेला आणि प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. रात्री ताटावर बसले की आठवायचा, बाजारात भाजी निवडताना आठवायचा.

डोझर उभा आहे तो डिचोलीच्या पुढे, आमच्या काजूच्या डोंगराच्या पायथ्याशी, एका जुन्या घोटाच्या आंब्याखाली. कॅटरपिलर डी-सेव्हन, थ्री-टी मालिकेतला. ही मालिका १९४४ ते १९५५ या काळात निघाली, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हाचं हे लोखंड. चार सिलिंडर, पावणेसहा इंचांचा बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, आठ इंचांचा स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव, आणि भर कामात मिनिटाला जेमतेम हजार फेरे. आजच्या इंजिनांच्या मानाने हे फारच सावकाश. बापूकाकांनी तो खाणीवरच्या एका कंत्राटदाराकडून घेतला तेव्हाच तो म्हातारा होता. खाणीच्या कामाला तो त्यांनी थोडाच काळ लावला. पुढे माडांसाठी डोंगराच्या पायऱ्या काढ, बांध घाल, कुणाच्या घरापर्यंत रस्ता ओढ, अशीच कामं. आमच्या लहानपणी खंडेनवमीला घरातल्या कोयता-पारड्याबरोबर त्याचीही पूजा व्हायची. रेडिएटरवर झेंडूची माळ, सीटसमोर नारळ, आणि बापूकाकांच्या धुतलेल्या हातांना तरीही येणारा डिझेलचा वास. उदबत्ती, झेंडू आणि डिझेल हे तीन वास एकत्र आले की मला अजून दसराच आठवतो.

मग वयोमानाने काका सीटवरून उतरले आणि यंत्र आंब्याखाली राहिलं ते राहिलंच.

आमच्याकडे यंत्राला काम मारत नाही, पाऊस मारतो. धुराड्यावर उपडा घातलेला डबा कुठल्यातरी वाऱ्यात उडाला आणि पुन्हा कुणी तो घातला नाही. इंजिन थांबताना ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो, धुराड्यातून उतरणारं पाणी नेमकं त्याच सिलिंडरात जाऊन बसतं. बाकीचे तीन आतून तेलकट, चकचकीत राहू शकतात, आणि त्या एकात पिस्टन लायनरला, म्हणजे ज्या नळीत तो फिरतो तिला, गंजून चिकटतो. आमचा तिसरा चिकटला होता. मिस्त्रींनी डिझेल, रॉकेल आणि गिअरचं पातळ तेल यांचं मिश्रण वरून ओतून ठेवायला सांगितलं आणि रोज संध्याकाळी फ्लायव्हीलच्या जड चाकाला पहार लावून दोन्हीकडे थोडा थोडा जोर द्यायचा. "झटका द्यायचा नाही. त्याला नुसतं कळू दे आपण आलोय ते." मी रोज जाऊन त्याला कळवत राहिले. एके संध्याकाळी पहार हातात किंचित खाली गेली. अगदी किंचित, पण तळहाताला ते जे कळलं ते सांगता येण्यासारखं नाही. त्या रात्री मी मिस्त्रींना फोन केला तेव्हा ते जेवत होते, आणि जेवता जेवता ते एवढंच म्हणाले, "आता उलट्या बाजूने लाव."

हे मिस्त्री सावर्डे-कुडचड्याकडचे. उमेदीची सगळी वर्षं खाणीच्या वर्कशॉपमध्ये गेली. २०१२ साली आधी सरकारने आणि मग ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, तेव्हा त्यांचं काम सुटलं. मध्ये पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा ते परत गेले. २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ लीज रद्द झाल्या आणि मार्चपासून सगळं ठप्प झालं, तेव्हा मात्र त्यांनी हत्यारांची पेटी घरी आणली ती कायमची. त्यांच्या पेटीत वरच्या खणात फिलर गेज, थ्रेड गेज आणि एक पितळेचा ड्रिफ्ट फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो. तो ड्रिफ्ट त्यांच्या उस्तादाचा. लोखंडावर लोखंड मारायचं नाही, मध्ये पितळ धरायचं, हा त्यांचा नियम. बेअरिंग काढताना घण उचलणाऱ्या पोराला त्यांनी हात धरून थांबवलेलं मी पाहिलं आहे. हाउसिंगमधलं तेल ते दोन बोटांत चोळतात, नाकाशी नेतात आणि मग सांगतात की पाणी शिरलंय, किंवा क्लच जळलाय, किंवा हे तेल बरं आहे, राहू दे. त्यांचं म्हणणं तपासून पाहावं असं मला सुरुवातीला वाटायचं. पुढे वाटेनासं झालं.

हेड उतरवलं. तिसरा लायनर खाली गंजाने खड्डे पडलेला निघाला. तो वेट लायनर, बाहेरून पाणी खेळतं, तळाशी रबरी रिंगा. होनिंग करून, म्हणजे नुसता आतून घासून, भागण्यासारखा नव्हता. तेव्हापासून माझी खरी भटकंती सुरू झाली.

जुन्या यंत्राचा पार्ट शोधायचा म्हणजे आधी आपल्याकडे काय आहे ते ओळखायचं. या कंपनीच्या जुन्या पार्ट नंबरांची ठेवण एक आकडा, मग एक अक्षर, मग चार आकडे, अशी असते. पण ओतीव भागावर जो नंबर उठून दिसतो तो ओतकामाचा असतो, आणि तो व पार्टचा नंबर एकच असेल याचा भरवसा नाही. म्हणून मालिकेची अक्षरं, मशीनचा नंबर आणि पार्ट्स बुकातलं चित्र अशी तिन्ही जुळवावी लागतात. बापूकाकांनी ते बुक जपून ठेवलं होतं. पानांना वाळवी लागलेली, कडेला त्यांच्या अक्षरात मराठीतून टिपणं. 'ही रिंग जाड येते', 'हा सील बेळगावला मिळाला', 'डावीकडचा नट उलट्या आट्यांचा नाही, उगाच पिळू नये'. ती टिपणं वाचताना मला ते प्रथमच कळल्यासारखे वाटले. घरात ते फारसे बोलत नाहीत.

बेअरिंगांनी त्रास दिला नाही. टेपर रोलर बेअरिंगचा आतला शंकू (कोन) आणि बाहेरचा कप रॉकेलमध्ये बुडवून जुन्या दातब्रशने घासले की कडेवर नंबर उमटतो, आणि इंची मापाची ही बेअरिंगं जगभर अजून बनतात. चोर्ला घाट चढून बेळगावला गेलं की दुकानदार नंबर ऐकूनच वरच्या फळीकडे हात करतो. ऑइल सीलचंही तसंच. आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी एवढं कागदावर असलं की झालं. अडलं ते क्षुल्लक वाटणाऱ्या बोल्टांपाशी. आपल्या बाजारात आता बहुतेक मेट्रिकच माल. जुन्या हार्डवेअरवाल्याकडे इंची मिळालाच तर तो व्हिटवर्थ, म्हणजे ब्रिटिश आट्यांचा, आणि हे यंत्र अमेरिकन. गंमत अशी की बऱ्याच मापांत दोघांचे इंचाला आटे सारखेच असतात, फक्त आट्याचा कोन वेगळा, एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. म्हणून व्हिटवर्थचा बोल्ट अमेरिकन भोकात जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि पुढे ताण आला की सैल होतो नाहीतर आटे खातो. अर्ध्या इंचाला तर आटेही जुळत नाहीत, व्हिटवर्थला बारा, अमेरिकनला तेरा. मिस्त्रींनी हे मला उन्हात उभं करून दाखवलं. थ्रेड गेजचं पातं बोल्टवर ठेवून तो सूर्याकडे धरला आणि म्हणाले, "उजेड दिसतो? दिसला तर नको." पात्याच्या आणि आट्याच्या मध्ये केसाएवढी उजेडाची रेघ होती. दुकानदाराने दिलेले सगळे बोल्ट परत गेले. शेवटी त्यांनी ओळखीच्या टर्नरकडून चांगल्या पोलादाच्या सळीचे नवे करून घेतले.

लायनरसाठी कोल्हापूर गाठलं. दोडामार्ग, सावंतवाडी, आंबोली, आजरा करत. उद्यमनगरात शिरलं की काळ्या वाळूचा आणि लोखंडाच्या गरम किसाचा वास येतो. गुऱ्हाळांच्या, पाणी उपसायच्या ऑइल इंजिनांवर हात तयार झालेलं हे गाव. तिथल्या एका कारखान्यात म्हाताऱ्या मालकांनी आमचा लायनर दोन्ही हातांत घेतला, आतून बोट फिरवलं, वरची कॉलर नखाने तपासली. "एकच करायचा?" म्हणाले. मी हो म्हटलं. एकासाठी ओतकामाचा पॅटर्न लावणं त्यांना परवडणारं नव्हतं, हे मला दिसत होतं. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि जवळच्या मापाचा एक ओतलेला पाइप मागच्या बाजूने काढून आणवला. तोच टर्न करून देतो म्हणाले. खालच्या रिंगांच्या खाचा काढताना मात्र त्यांनी जुन्यावरून माप घ्यायला नकार दिला. गंजलेल्या वस्तूचं माप खोटं असतं, ब्लॉकचं माप आणा, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी आम्हाला परत गोव्यात येऊन ब्लॉकमधला बोअर मोजून पाठवावा लागला. लायनर हातात आला तेव्हा त्याची मशिनिंग केलेली राखाडी कड इतकी स्वच्छ होती की बसमध्ये मी तो ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतला.

या सगळ्या फिरण्यात एक गोष्ट मनाला लागत राहिली. बरेच पार्ट दुकानात मिळत नाहीत, मेलेल्या यंत्रांत मिळतात. आमच्या चेनीचे दोन बॉटम रोलर आणि ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचं एक झाकण अशाच एका यार्डातून आलं. खाणपट्ट्यातले हे यार्ड कुणी डोळे उघडे ठेवून बघावेत. टिपरांच्या केबिन एकावर एक, एक्स्कॅव्हेटरच्या बकेटी पालथ्या, त्यांच्यात पावसाचं पाणी आणि बेडकं. बँकेचे हप्ते थकलेले असणार, पोरांची लग्नं अडलेली असणार, कुणी आखातात गेलेलं असणार. एकेक यंत्र म्हणजे एकेक घर होतं. तिथल्या माणसाने गॅस कटरने रोलर सोडवताना ज्वाळा पिन वाचवून अशी फिरवली की नुसतं पाहत राहावं, आणि ज्याचे ते रोलर होते तो डोझर त्याच दिवशी तुकडे होऊन ट्रकवर चढला. आपलं यंत्र जगवायला दुसऱ्याचं असं मोडताना उभं राहून बघायचं हे मला जड गेलं. तरी रोलर मी घेतले. घासाघीस करून घेतले.

आणि घरात काकी आहेत.

काकींनी या दुरुस्तीला कधी विरोध केला नाही, पण आंब्याखाली त्या एकदाही आल्या नाहीत. त्यांचं माहेर खाणीच्या खालच्या अंगाला. डोंगरावर टाकलेल्या मातीचे ढीग पावसात वाहून ओहोळात उतरले, ओहोळातून वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताच्या, शेतात. भाताच्या खाचरांवर लाल, बारीक, पाण्याला धरून बसणारा गाळ साचला, आणि तो वाळला की वर पापुद्रा धरायचा. त्यांच्या भावांनी एक-दोन हंगाम फावड्याने गाळ उपसला, मग सोडून दिलं. विहिरीचं पाणी खाली गेलं ते वेगळंच. "तुझ्या काकाचं ते यंत्र देवासारखं पूजलं मी," काकी एकदा मला भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पण आमचा डोंगर त्याच्याच भाऊबंदांनी खाल्ला गो." यावर मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं. मिस्त्रींचं घर खाणीवर चाललं हे खरं आहे आणि काकींचं माहेरचं शेत खाणीने बुडालं हेही खरं आहे, आणि दोघं आमच्याच स्वयंपाकघरात एकाच कपबशीच्या सेटमधून चहा पितात. काकी मिस्त्रींना दुसरी भाकरी आग्रहाने वाढतात. मिस्त्री काकींच्या भावांच्या शेताची चौकशी करतात. खाणीचा विषय दोघंही काढत नाहीत. चांगुलपणाचा हा गोव्यातला प्रकार मला फार जवळचा वाटतो. आणि कधीकधी त्याचा रागही येतो, कारण न बोललेलं सगळं पावसासारखं वरून खाली येतच राहतं.

भंगारवाल्याला मी दिलेलं उत्तर "बागेत काम आहे" असं होतं. ते खरंच होतं, पण पुरं नव्हतं. काकींच्या धाकट्या भावाने आता ती खाचरं पुन्हा लावायचं मनावर घेतलं आहे. उन्हाळ्यात, जमीन कडक झाल्यावर, वरचा गाळाचा थर ढकलून एका कडेला घ्यायचा आणि ओहोळाच्या काठाने बांध घालायचा. जेसीबीने हे होतं, नाही असं नाही. पण चाकांचं यंत्र एका जागी वजन टाकतं, खाचराचा तळ दाबून बसवतं, आणि चेनवाल्याचं वजन लांब पट्ट्यावर वाटलं जातं. शिवाय सपाट, पातळ थर सोलायचा तर लांब ब्लेडच हवं. मिस्त्रींचं हे मत, आणि आता माझंही. काकींना हे कुणी अजून नीट सांगितलेलं नाही. त्यांना कळलं नसेल असं मात्र नाही.

इंजिन सुरू करायचा दिवस ठरवून असा नव्हता. मॅग्नेटो उन्हात वाळवून, कंडेन्सर बदलून तयार होता. या यंत्राला बॅटरीवर फिरणारा स्टार्टर नाही. मोठ्या डिझेल इंजिनाच्या अंगावर पेट्रोलवर चालणारं दोन सिलिंडरचं छोटं इंजिन बसवलेलं असतं, सगळे त्याला पोनी म्हणतात. आधी हँडल मारून ते चालू करायचं. त्याचं आणि मोठ्याचं पाणी एकच, त्यामुळे मोठ्याचा ब्लॉक हळूहळू कोमट होतो. त्याचा धूरही मोठ्याच्या इनटेकमधून फिरवून नेलेला, म्हणजे आत जाणारी हवा तापते. मग कॉम्प्रेशनची लिव्हर मोकळी ठेवून पिनियन म्हणजे छोटं दातेरी चाक गुंतवायचं, पोनीचा क्लच लावायचा आणि मोठं इंजिन नुसतं फिरू द्यायचं, तेलाचा काटा उठेपर्यंत. बापूकाकांना खुर्चीसकट आंब्याखाली आणलं होतं. पोनी फटफटत होती, मोठ्यातून नुसती हवेची फुसफुस येत होती आणि मिस्त्रींचं बोट तेलाच्या काट्यावर. काटा हलला. मिस्त्रींनी माझ्याकडे नाही, काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "अजून थांब. ब्लॉकला हात लाव." मी हात लावला, कोमट होता. "आता दे." कॉम्प्रेशन लावलं, पोनी दबली, कण्हली, डिझेल उघडलं आणि एका सिलिंडरने ठोका दिला. मग दुसऱ्याने. मग एक पांढरा लोट, आंब्यातून वटवाघळं उडाली, आणि चौथा ठोका जागेवर आल्यावर तो आवाज सुरू झाला. खालच्या सुरात, एकेक स्फोट वेगळा मोजता येईल असा. काकांच्या मांडीवरचा हात त्या लयीवर हलत होता. त्यांना ते कळत नव्हतं.

पुढे घेतला तेव्हा तो सरळ गेला. उजवीकडे वळला. डावीकडे वळेना. डाव्या चेनीची ताकद तोडून यंत्र वळवणारा स्टीअरिंग क्लच सुटतच नव्हता. हे क्लच कोरडे असतात, लोखंडी आणि लायनिंगच्या प्लेटी एकाआड एक, आणि इतके पावसाळे उभं राहिलं की दमट हवेने त्या एकमेकींना गंजून धरतात. खालचा ड्रेन प्लग काढला तेव्हा तिथून तपकिरी पाणी आलं.

आता या क्लचवरून दोघांचं एकमत नाही. मिस्त्री म्हणतात, लिव्हर दोरीने मागे बांधून ठेवू, कप्प्यात रॉकेल मारू, आणि उद्या-परवा ब्लेड एखाद्या घट्ट बांधाला लावून पुढे-मागे दाबत राहू, सुटेल. काका म्हणतात, सुटेल, पण निम्मा सुटेल. वर्षभरात पुन्हा धरेल, आणि तेव्हा शेताच्या मधोमध धरेल. त्यांच्या मते आत्ताच सीट आणि मागची डिझेलची टाकी उतरवावी, क्लच वर काढावा, प्लेटी घासून लायनिंग नवी लावून घ्यावी. टाकी उतरवायला चेन ब्लॉक हवा आणि आंब्याची ती फांदी एवढं वजन घेईल का, यावर काल चहाच्या वेळी बराच खल झाला. मी काकांच्या बाजूची आहे. लायनिंगवाल्याला जुन्या प्लेटीचा आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी हवी, ती क्लच बाहेर काढल्याशिवाय मिळत नाही. फांदीपेक्षा बांबूची तिकाटी उभारलेली बरी असं काकींनी आतून सांगितलं, आणि माहेरी वासे पडून आहेत म्हणाल्या. रविवारी ते आणायला मी आणि मिस्त्री जाणार आहोत.